कायाकला फिशफाइंडर लावताय? आधी ट्रान्सड्यूसर नीट बसवा

गेल्या हिवाळ्यात मनोरी खाडीत एका मित्राच्या कायाकला माझी कायाक लावून बसलो होतो. त्याच्या नव्या फिशफाइंडरवर खोली ०.७ मीटर दिसत होती. माझ्या हातातली शिशाची दोरी मात्र साडेतीन मीटर खाली गेली आणि मगच तळाला टेकली. यंत्र चांगल्या कंपनीचं, बॅटरी पूर्ण भरलेली, वायरी नीट जोडलेल्या. घरी परतल्यावर हॅच (कायाकच्या पोटाचं झाकण) उघडून ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात आवाज सोडणारा आणि ऐकणारा भाग, उपटला, तेव्हा खाली सिलिकॉनमध्ये नखाएवढे दोन बुडबुडे सापडले. खाडी मोजायला निघालेला आवाज त्या दोन बुडबुड्यांनाच आपटून परत येत होता.

मुंबईत कायाकवरून गळ टाकणारे आता बरेच दिसतात. त्यातले निम्मे जण पहिल्यांदा फिशफाइंडर लावताना असेच अडकतात. स्क्रीन कुठे लावायची यावर आठवडाभर विचार होतो आणि ट्रान्सड्यूसर रविवारी दुपारी अर्ध्या तासात चिकटवला जातो. म्हणून हा लेख जवळजवळ पूर्णपणे ट्रान्सड्यूसरबद्दल आहे.

आवाजाला हवा चालत नाही

ट्रान्सड्यूसर पाण्यात आवाजाचा ठोका सोडतो आणि तळावरून किंवा माशावरून परत येणारा प्रतिध्वनी ऐकतो. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर धावतो. म्हणजे तीन मीटर खोल पाण्यात ठोका जाऊन परत यायला चार मिलिसेकंद लागतात. यंत्र तेवढा वेळ मोजतं आणि त्याची खोली करून दाखवतं. जपानच्या फुरुनो बंधूंनी १९४८ साली मच्छीमारांसाठी पहिला फिशफाइंडर बाजारात आणला. आजची यंत्रं कितीही हुशार झाली तरी मूळ काम हेच आहे.

पाण्यातला आवाज हवेच्या थराला लागला की जवळजवळ सगळा उलटा फिरतो. थर कागदाएवढा पातळ असला तरी फरक पडत नाही. सोनोग्राफी करताना डॉक्टर पोटावर गार जेल का लावतात? यंत्राचं टोक आणि कातडी यांच्यामध्ये हवा राहू नये म्हणून. कायाकवरही तेच करायचं आहे: ट्रान्सड्यूसरच्या तोंडापासून खाडीच्या पाण्यापर्यंत हवेचा एक कणही मधे येऊ द्यायचा नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या यातूनच येतात.

दुसरी गोष्ट म्हणजे आवाजाचा झोत. तो सरळ रेघेसारखा जात नाही, टोक वर असलेल्या शंकूसारखा पसरत खाली जातो. २०० किलोहर्ट्झवर चालणाऱ्या बऱ्याच साध्या ट्रान्सड्यूसरचा शंकू २० अंशांच्या आसपास असतो. चार मीटर पाण्यात त्याला तळाचा जेमतेम १.४ मीटर रुंदीचा गोल दिसतो. ८३ किलोहर्ट्झवर ६० अंशांचा शंकू असेल तर त्याच खोलीवर हा गोल साडेचार मीटरच्या वर जातो. आपल्या खाड्या उथळ आहेत. त्यामुळे अरुंद शंकूवर स्क्रीन कोरी दिसली म्हणून मासे नाहीत असं समजू नका. मासा कायाकपासून हातभर बाजूला असला तरी तो त्या गोलाबाहेर असतो.

आत, भोकात की हातावर

ट्रान्सड्यूसर बसवायच्या तीन जागा आहेत: कायाकच्या पोटात आतून, पाणी निचरायच्या भोकात, किंवा कडेला लावलेल्या हातावर, म्हणजे दांड्यावर, पाण्यात लोंबता.

आधी तुमची कायाक कुठली ते पाहा. साच्यात ओतून बनवलेली जाड प्लॅस्टिकची, म्हणजे पॉलिएथिलीनची, वरून उघडी कायाक असेल तर ट्रान्सड्यूसर आत बसवता येतो. हे प्लॅस्टिक आवाजासाठी पाण्याच्या बरंच जवळचं असतं, त्यामुळे पाच-सहा मिलिमीटरच्या तळातून आवाज थोडाच कमी होऊन पार जातो. मुंबईत फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणून अनेकांकडे हवा भरायची कायाक असते. तिच्यात आतून बसवण्याचा विचारही करू नका. तिच्या पोटात हवाच आहे, मग आवाज जाणार कुठून? फायबरच्या ज्या बोटींच्या तळात मधे फोमचा थर असतो, त्यांनाही हेच लागू आहे.

मग तुमचा ट्रान्सड्यूसर कुठला ते पाहा. साधा सोनार (आवाजाने खोली मोजणारा) किंवा चर्प (एकाच ठोक्यात अनेक वारंवारता सोडणारा सोनार) असेल तर तो आत चालतो. डाउन इमेजिंग किंवा साइड इमेजिंग (खालचं किंवा बाजूचं फोटोसारखं चित्र) हवं असेल तर आत बसवू नका. ही चित्रं ४५५ किंवा ८०० किलोहर्ट्झच्या आसपासच्या आवाजावर काढली जातात, आणि एवढा बारीक आवाज प्लॅस्टिकच्या तळातून जाताना मार खातो. बाजूला बघणाऱ्या झोताला तर वाटच उरत नाही. महागडं इमेजिंग यंत्र घेऊन ते तळाच्या आत चिकटवणं म्हणजे पैसे पाण्यात.

तिसरा विचार आपल्या पाण्याचा. मुंबईच्या खाड्यांत पाण्याच्या मधल्या थरात प्लॅस्टिकच्या पिशव्या तरंगत असतात. जागोजागी डोलीचे, म्हणजे मच्छीमारांच्या डोल जाळ्यांचे, खुंट आणि दोऱ्या असतात. ओहोटीला कायाक चिखलातून आणि खडपांवरून ओढावी लागते. खाली लोंबणारी वस्तू इथे अडकतेच. वर्सोव्याच्या खाडीत माझ्या हातावरच्या ट्रान्सड्यूसरला एकदा पिशवीचं तोंड गुंडाळलं गेलं आणि अर्धा तास मला स्क्रीनवर फक्त पाणी दिसत राहिलं. वाटलं, यंत्र बिघडलं.

माझं मत असं: साधा सोनार आणि जाड प्लॅस्टिकची कायाक असेल तर आत बसवा. इमेजिंग असेल किंवा कायाक हवेची असेल तर हात लावा. भोकात बसवण्याची सोय काही कायाकना कारखान्यातूनच दिलेली असते, तळाला त्यासाठी खास खोबण असते आणि वर झाकण. तुमच्या कायाकला तशी खोबण असेल आणि तुमच्या मॉडेलचा ट्रान्सड्यूसर तिच्यात नेमका बसत असेल तर ती उत्तम. नसेल तर साध्या निचऱ्याच्या भोकात जबरदस्तीने बसवू नका. तिथे फेस आणि बुडबुडे अडकतात, आणि खडपावर पहिला ओरखडा ट्रान्सड्यूसरलाच पडतो.

सामान

नागदेवी स्ट्रीटला एक फेरी मारली की बरंचसं मिळतं: स्क्रू, नट, रबरी वॉशर, केबल ग्लँड (भोकातून केबल नेताना पाणी अडवणारं बूच). वायर, फ्यूज होल्डर आणि हीट श्रिंक (गरम केल्यावर आकसणारी नळी) लोहार चाळीत मिळतात, जलरोधक कनेक्टर लॅमिंग्टन रोडला. स्क्रू-नट घेताना ‘एसएस ३१६’ असंच सांगा. ३०४ चं स्टीलही चुंबकाला फारसं चिकटत नाही, त्यामुळे चुंबक लावून दोघांतला फरक कळत नाही. खाऱ्या हवेत मात्र काही आठवड्यांतच ३०४ वर चहाच्या रंगाचे डाग येतात.

बाकी लागेल ते: दीड-दोन सेंटीमीटर जाडीचा फोम (मुलांच्या खोलीत जमिनीवर जोडतात ते चौकोन चालतात), ८० नंबरचा पॉलिश पेपर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, न्यूट्रल सिलिकॉनची एक ट्यूब, केमिस्टकडची सोनोग्राफी जेल, झिप असलेली प्लॅस्टिकची पिशवी. आणि एक शिशाची दोरी. मजबूत दोऱ्याला जड शिसं बांधा आणि दर अर्ध्या मीटरवर गाठ मारा. कोळीवाड्यात जुनी माणसं पाण्याची खोली वावांत सांगतात. एक वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर जेवढं अंतर, साधारण सहा फूट. तुम्ही मीटरमध्ये मारा, पण दोरी हवीच. यंत्र खरं बोलतंय की खोटं हे पहिल्या दिवशी तीच सांगते.

सिलिकॉन घेताना ट्यूबचं नाक हुंगून पाहा. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ते नको. ते सुकताना अ‍ॅसिड सोडतं आणि तांब्याच्या वायरी, जोडण्या खराब करतं. दुकानात ‘न्यूट्रल’ म्हटलं की दुकानदाराला कळतं.

पहिलं पाऊल: चिकटवण्याआधी पाण्यावर ताडून पाहा

ही पायरी कधीच गाळू नका. माझ्या मित्राने हीच गाळली होती.

कायाक पाण्यात उतरवा आणि सीटवर बसा. सामान, बर्फाची पेटी, बॅटरी नेहमीच्या जागी ठेवा, कारण तुमच्या वजनाने कायाकचा तोल आणि तळाचा उतार बदलतो. झिपच्या पिशवीत पाणी भरा, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका आणि हवा पूर्ण काढून पिशवी बंद करा. पिशवी हॅचमधून आत तळावर ठेवा. तळावर आधी थोडं पाणी शिंपडा, म्हणजे पिशवी आणि तळ यांच्यामध्येही हवा राहणार नाही. आता पिशवीवर ट्रान्सड्यूसर तोंड खाली करून हलकेच दाबा. त्याचं तोंडही ओलं हवं.

स्क्रीन चालू करा आणि शिशाची दोरी सोडा. दोन्ही आकडे जवळपास जुळले की ती जागा चालेल. नाही जुळले तर दहा-पंधरा सेंटीमीटर पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकवा. चार-पाच जागा पाहा आणि ज्या जागी तळ सगळ्यात ठळक दिसतो तिथे कायाकच्या आतून मार्करने खूण करा.

जागा निवडताना लक्षात ठेवण्यासारखं एवढंच: ती सपाट असावी, बरगडीवर किंवा मधल्या कण्यावर नको. नाकाकडे नको, लाटेवर नाक उचललं जातं आणि तिथे तळाखाली फेस जातो. सीटच्या थोडं पुढे, कण्याच्या एका बाजूला मला बहुतेक वेळा चांगली जागा मिळाली आहे. हात पोचेल अशी जागा निवडा. नंतर तिथे पुन्हा पुन्हा जायचं आहे.

ट्रान्सड्यूसर पाण्याबाहेर उगाच चालू ठेवू नका. घरी टेबलावर मेन्यू शिकायचा असेल तर बहुतेक यंत्रांत डेमो किंवा सिम्युलेटर असतो, तो वापरा.

दुसरं पाऊल: आत बसवणं

नवशिक्यांना मी सिलिकॉनमध्ये बुडवण्यापेक्षा फोमचं आळं सुचवतो. झाडाच्या बुंध्याभोवती पाण्यासाठी आळं करतात ना, तसंच.

खूण केलेल्या जागेवर हाताएवढा भाग ८० नंबरच्या पेपरने घासा आणि अल्कोहोलने पुसा. हॅच उघडी ठेवा आणि पंखा लावा. बंद पोटात अल्कोहोलची वाफ साठते, तिथे लायटर, हीट गन, सिगारेट काहीही नको. पॉलिएथिलीन हे मुळातच चिकटायला नाराज असलेलं प्लॅस्टिक आहे. इपॉक्सी त्यावर काही आठवडे टिकतं आणि मग गच्चीवरच्या उन्हात प्लॅस्टिक फुगलं-आकसलं की पापुद्र्यासारखं निघून येतं. म्हणून लवचिक पदार्थच वापरा.

फोमचा पंधरा बाय पंधरा सेंटीमीटरचा तुकडा कापा आणि मधे ट्रान्सड्यूसरच्या आकाराचं भोक पाडा. भोक आकारापेक्षा दोन मिलिमीटर लहान ठेवा, म्हणजे फोमच त्याला धरून ठेवेल. केबलसाठी एका बाजूला खाच ठेवा. फोमच्या खालच्या बाजूला कडेने न्यूट्रल सिलिकॉनची सलग रेघ ओढा. मधल्या भोकात सिलिकॉन येऊ देऊ नका. फोम खुणेवर दाबा, वर थोडं वजन ठेवा आणि दोन दिवस हात लावू नका. या प्लॅस्टिकवर सिलिकॉन फार घट्ट बसत नाही, पण फोमवर ओझं काही नसतं. उद्या जागा बदलायची झाली तर तो सोलून काढता येतो, हा फायदाच.

सिलिकॉन सुकल्यावर आळ्यात सोनोग्राफी जेल भरा. बुडबुडा राहू नये म्हणून ती एका कोपऱ्यातून हळूहळू सोडा, मधे ओतू नका. ट्रान्सड्यूसरचं तोंड साबणाच्या पाण्याने पुसून ओलं करा. मग तो तिरपा धरून एक कड आधी टेकवा आणि पुस्तक मिटावं तसा हळूहळू आडवा करा. हवा दुसऱ्या कडेने निघून जाते. सरळ वरून दाबला तर हवा खालीच अडकते. जेल बाजूने थोडी बाहेर आली की समजा की भरली आहे.

जेल कालांतराने सुकते, एप्रिल-मेमध्ये तर लवकरच. साधं पाणीही चालतं. निघण्याआधी चमचाभर ओतायचं आणि घरी आल्यावर कापसाने टिपायचं. मी जेलच वापरतो आणि दर दोन-तीन फेऱ्यांनी आळ्यात बोट घालून पाहतो.

काहीजण ट्रान्सड्यूसर थेट सिलिकॉनमध्ये रोवतात. तेही चालतं, पण दोन अडचणी आहेत. सिलिकॉन बाहेरून आत असं हवेतल्या ओलाव्यावर सुकतं, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. ट्रान्सड्यूसरच्या मधोमध खाली ओलावा पोचायलाच आठवडा-दीड आठवडा जातो, आणि तोपर्यंत कायाक हलली तर आत पोकळी होते. दुसरी अडचण तुम्ही सुरुवातीलाच वाचलीत.

आत बसवण्याचा एक तोटा सांगायला हवा. ट्रान्सड्यूसरमधला तापमापक पाण्याचं तापमान सांगत नाही, कायाकच्या पोटातलं सांगतो. मार्चच्या दुपारी स्क्रीनवर ३८ अंश दिसलं तर घाबरू नका.

हात लावायचा असेल तर

हात बसवायला सोपा असतो, फक्त तो सांभाळायची सवय लागते.

कायाकच्या कडेला गिअर ट्रॅक (सामान अडकवायची खाचेची पट्टी) असेल तर हाताचा पाय त्यात सरकवा. ट्रॅक नसेल तर तो बसवावा लागेल. अशा वेळी आतून नटापर्यंत हात पोचत नाही, म्हणून पसरणारे रिव्हेट किंवा रबरी आवरणाचे नट वापरा. भोक पाडण्याआधी आत काय आहे ते टॉर्चने पाहा. जागेवर मास्किंग टेप लावा, बारीक ड्रिलने सुरुवात करा आणि वेग कमी ठेवा, नाहीतर प्लॅस्टिक वितळून कडेला गोळा होतं. कडा साफ करा, सिलिकॉनचा थेंब सोडा, मग स्क्रू आवळा. पाण्याच्या रेषेखाली भोक कधीही पाडू नका, कोणी कितीही खात्रीने सांगितलं तरी.

हाताची लांबी ठरवतानाही तुम्ही सीटवर बसलेले हवेत. ट्रान्सड्यूसरचं तोंड कायाकच्या तळाच्या पातळीपेक्षा दोन ते पाच सेंटीमीटर खाली असावं. वर राहिला तर कायाकचाच एक भाग झोतात येतो, फार खाली गेला तर पिशव्या आणि दोऱ्या गोळा होतात. तोंड पाण्याला समांतर हवं. सरळ बसलेल्या कायाकवर छोट्या स्पिरिट लेव्हलने तपासता येतं.

जागा सीटच्या थोडी पुढे, वल्ह्याचा झोका जिथे पोचत नाही तिथे. ज्या बाजूने मासा वर घेता त्याच्या उलट बाजूला. पाण्यात गिरकी घेणारा रावस ट्रान्सड्यूसरच्या केबलला दोरा गुंडाळतो आणि मग केबल आणि मासा दोन्हीची काळजी करावी लागते.

हात अडथळ्याला आदळला तर मागे वळला पाहिजे. कडक बसवलेला हात तुटतो किंवा कायाक आडवी करतो. सांधा एवढाच आवळा की हाताने जोरात ढकलल्यावर तो फिरेल. आणि ट्रान्सड्यूसरला जाड दोरीचा एक सुटा फास बांधून तो कायाकला अडकवा. डोलीच्या दोरीत तो गेला तर तुम्ही मागे वल्हवेपर्यंत हा फासच त्याला वाचवतो. किनाऱ्याजवळ येताना हात वर घेणं ही सवय अंगात मुरली पाहिजे. मार्वेच्या उतारावर शेवटच्या दहा मीटरमध्ये सगळ्यात जास्त ट्रान्सड्यूसर घासले जातात.

केबल आणि बॅटरी

ट्रान्सड्यूसरची केबल लांब पडली म्हणून कापू नका. तिच्यात बारीक, आवरण असलेल्या तारा असतात, आणि कापून जोडलेल्या जागेतून विजेचा खरखराट आत शिरतो. उरलेली केबल इंग्रजी आठच्या आकारात गुंडाळा आणि टाय लावा. पॉवरच्या वायरीपासून ती थोडी लांब ठेवा. विजेची मोटर लावलेली असेल तर तिच्या वायरीपासून तर नक्कीच. मोटर चालू केल्यावर स्क्रीनवर ठिपक्यांचा पाऊस पडला तर दोष बहुतेक वेळा इथेच असतो.

केबल आत-बाहेर न्यायची असेल तर केबल ग्लँडचा आकार कनेक्टरवरून ठरवा, केबलवरून नाही. ट्रान्सड्यूसरचं टोक जाड असतं आणि छोट्या ग्लँडमधून ते जात नाही. हे घरी मोजून नागदेवीला जा, म्हणजे दुसरी फेरी वाचते.

बॅटरी १२ व्होल्टची. छोटी स्क्रीन साधारण अर्धा ते एक अँपिअर घेते. ७ अँपिअर-तासाची बंद शिसे-आम्ल बॅटरी अडीच किलोच्या आसपास वजनाची असते आणि तिला अर्ध्याच्या खाली उतरवू नये. म्हणजे अर्ध्या अँपिअरवर हिशेबाने सात तास. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी हलकी असते आणि पूर्ण वापरता येते, पण ती भरल्यावर व्होल्टेज १४ च्या वर जातं. तुमची स्क्रीन किती झेलते ते पुस्तिकेत वाचून घ्या. धन टोकाच्या अगदी जवळ फ्यूज लावा. बऱ्याच छोट्या यंत्रांना ३ अँपिअरचा सांगतात, पण तुमच्या पुस्तिकेतला आकडाच खरा. बॅटरीसाठी रबरी कडेचा स्वयंपाकघरातला हवाबंद डबा उत्तम. चार्ज करताना मात्र बॅटरी डब्यातून बाहेर काढा, शिसे-आम्ल बॅटरीतून वायू सुटू शकतो.

जोडण्यांवर आतून गोंद असलेलं हीट श्रिंक चढवा आणि कनेक्टरच्या पिनांवर पेट्रोलियम जेलीचा अगदी हलका हात फिरवा. खारं पाणी तांबं हिरवं करतं ते इथूनच सुरू होतं.

पहिली फेरी

निघण्याआधी भरती पाहा. मुंबईत दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात, दोन भरत्यांमधलं अंतर सुमारे साडेबारा तास. मोठ्या उधाणात भरती साडेचार मीटरच्याही वर चढते. याचा फिशफाइंडरशी थेट संबंध आहे: त्याच खडपावर सकाळी दोन मीटर आणि दुपारी पाच मीटर दिसू शकतात. म्हणून खोली लिहून ठेवताना वेळही लिहा. जुना हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते: चतुर्थीला चाराचे पाऊण म्हणजे तीन वाजता. छापील तक्त्याशी ताडून घ्या, थोडं पुढे-मागे होतं. पहिल्या दिवसासाठी भांगाची भरती निवडा, पाण्याची ओढ कमी असते. लाइफ जॅकेट अंगावर, शिट्टी गळ्यात, आणि घरी कोणाला तरी परतायची वेळ सांगितलेली. मार्वे-मनोरी फेरीबोटीच्या वाटेतून बाजूला राहा आणि आयएनएस हमला या नौदलाच्या तळाच्या हद्दीकडे वळू नका. पावसाळ्यात समुद्रात कायाक नकोच. नारळी पौर्णिमेपर्यंतचे ते दिवस घरात बसून हे सगळं बसवायला चांगले आहेत.

सेटिंगमध्ये पाणी ‘खारं’ निवडा, एकक मीटर. खोलीची मर्यादा स्वयंचलित ठेवू नका. चिखलाच्या तळावर यंत्र गोंधळतं आणि कधी दोन तर कधी वीस मीटर दाखवतं. हाताने आठ-दहा मीटर ठेवा. संवेदनशीलता आधी वाढवा, स्क्रीनवर कचरा दिसू लागला की थोडी कमी करा. अर्ध्या मीटरहून उथळ पाण्यातल्या आकड्यावर विसंबू नका.

आता मुद्दाम खडप असलेल्या जागी जा. खडकाळ तळ जाड, ठळक पट्ट्यासारखा दिसतो, आणि बरोब्बर दुप्पट खोलीवर दुसरा फिका पट्टा उमटतो. तो आवाज तळावर आपटून, पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून, पुन्हा तळावर जाऊन आलेला असतो. चिखलावर पट्टा फिका पडतो आणि दुसरा दिसत नाही. खडपावरही हा दुसरा पट्टा उमटला नाही, तर संवेदनशीलता बघण्याआधी आळ्यातली जेल बघा. मी आजही प्रत्येक नव्या कायाकवर हीच परीक्षा घेतो.

पुस्तिकांत मासा कमानीसारखा दाखवलेला असतो. बोट चालत असताना मासा शंकूच्या एका कडेतून शिरून दुसरीकडून बाहेर पडतो, तेव्हा कमान होते. तुम्ही तिवरांजवळ थांबून तांबोशीची वाट पाहत असाल आणि मासाही थांबला असेल, तर स्क्रीनवर लांबच लांब आडवी रेघ दिसते. ती रेघ म्हणजे मासा. नवे लोक तिला बिघाड समजून दुर्लक्ष करतात.

घरी आल्यावर ट्रान्सड्यूसर, केबल, सगळ्या जोडण्या गोड्या पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा. हातावरच्या ट्रान्सड्यूसरचं तोंड मऊ कापडाने पुसा. खरवडू नका, पॉलिश पेपर लावू नका.

माझ्या मित्राने फोमचं आळं करून दुसऱ्या शनिवारी तीच जागा गाठली, साधारण त्याच भरतीला. त्याच्या स्क्रीनवर ३.४ मीटर, माझ्या दोरीवर ३.५. उरलेले दहा सेंटीमीटर म्हणजे ट्रान्सड्यूसर पाण्याच्या पातळीखाली जेवढा बसला होता तेवढे. मेन्यूत कील ऑफसेट (हा फरक खोलीत मिळवणारं सेटिंग) शोधून त्याने ०.१ भरलं, आणि पुढच्या ठोक्याला दोन्ही आकडे एक झाले.